व्हीटी ते धाराशिव

शनिवार, मुंबई

या सुट्टीत एकच ठरवलं होतं. ज्यांची नावं बदलली आहेत अशा ठिकाणांमधून ओळीने जायचं, तिकिटं काढायची, पत्ते विचारायचे आणि लोकांच्या तोंडून काय येतं ते ऐकायचं. "तुम्ही याला काय म्हणता हो?" असं कुणाला सरळ विचारायचं नाही, असा नियमही स्वतःला घालून घेतला. तसं विचारलं की माणूस सावध होतो आणि नावाऐवजी मत सांगायला लागतो.

सुरुवात व्हीटीपासून. टॅक्सीवाल्याला मुद्दाम पूर्ण नाव सांगितलं, "छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस." त्याने मीटर टाकता टाकता खात्री करून घेतली, "व्हीटीच ना?" फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची ही इमारत. १८८७ साली राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या निमित्ताने स्थानकाला तिचं नाव मिळालं. १९९६ मध्ये ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. त्याही आधी इथलं स्थानक होतं बोरीबंदर, जिथून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली गाडी सुटली. आमच्या आजीच्या बोलण्यात शेवटपर्यंत बोरीबंदरच होतं. बाबांच्या तोंडी व्हीटी, माझ्या पिढीत सीएसटी, आणि समोर फोनवर मैत्रिणीला झापणारी कॉलेजातली मुलगी म्हणत होती, "अगं, सीएसएमटीला ये, मशीदला नको उतरूस." स्थानक एकच, पण त्याला कोण काय म्हणतं यावरून बोलणाऱ्याचं वय साधारण काढता येतं.

व्हीटी म्हणणाऱ्या टॅक्सीवाल्याला व्हिक्टोरिया राणीशी काही देणंघेणं नाही. त्याला दोन अक्षरांत काम उरकायचं असतं. मला खटकतं ते वेगळंच. ज्यांच्याविषयीच्या आदरापोटी नाव दिलं, त्यांचंही शेवटी सीएसएमटीच झालं. मुंबईत ही खोड जुनीच आहे. स्वामी विवेकानंदांचा एस. व्ही. रोड झाला, लालबहादूर शास्त्रींचा एलबीएस आणि दादाभाई नौरोजींचा डी. एन. रोड. स्थानकासमोरून फाउंटनकडे जाणारा हा डी. एन. रोड म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. हॉर्नबी मात्र लोक साफ विसरले. म्हणजे नवी नावं रुजतच नाहीत असं म्हणायला जागा नाही. हे रुजलं, आणि तिकडे लॅमिंग्टन रोडचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी संगणकाचे सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टनलाच जातो.

चालत फाउंटनपर्यंत गेले. इथे दोन्ही नावं सुखाने नांदतात. कारंजं १८६४ चं. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेल्या माणसांचं स्मारक. १९५५ च्या नोव्हेंबरात इथे गोळीबार झाला होता आणि सगळ्या आंदोलनात मिळून शंभरावर माणसं गेली. हुतात्मा चौक हे नाव रुजलं, कारण त्यामागची गोष्ट याच जागी घडली होती. बसच्या रांगेतल्या काकांनी मला वाट सांगितली तीही अशी : "हुतात्मा चौकातून सरळ जा, फाउंटन डाव्या हाताला ठेवा."

पुढे काळा घोडा. इथला घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये हलवला. त्यानंतर पन्नासेक वर्षं इथे घोडाच नव्हता, तरी जागा काळा घोडाच राहिली. २०१७ मध्ये अखेर नवा घोडा बसवला, स्वाराविना. नावासाठी वस्तू परत आणून ठेवावी लागल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मूळ पुतळा पाहायला भायखळ्याला गेले. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं टॅक्सीत म्हणून पाहिलं. चालक मागे वळून बघायला लागला, तेव्हा शेजारून जाणारा दुसरा ओरडला, "अरे, राणीबाग!" तिथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, पूर्वीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. नाव १९७५ मध्ये बदललं आणि ते चांगलं रुळलं आहे. एकाच आवारात एक नवं नाव चाललं आणि एक नाही. मला वाटतं, राणीबागेत पोरं जातात, संग्रहालयात मोठी माणसं. पोराने आईकडून ऐकलेलं नाव पुढे तो आपल्या पोराला सांगतो. संग्रहालयाचं नाव बहुतेक जण तिकिटावर वाचूनच शिकतात.

भायखळ्याहून लोकलने परळ आणि पूल ओलांडून प्रभादेवी. २०१८ च्या जुलैपर्यंत हे एल्फिन्स्टन रोड होतं. एल्फिन्स्टन म्हणजे १८५३ ते १८६० या काळातला मुंबईचा गव्हर्नर, हे फलाटावरच्या कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. डब्यातल्या बायकांचं बोलणं कान देऊन ऐकलं. चाळिशीच्या पुढच्या दोघी 'एल्फिन्स्टन' म्हणत होत्या, बाकी साऱ्या 'प्रभादेवी'. यात गाडीतल्या उद्घोषणेचा मोठा हात आहे. 'पुढील स्टेशन प्रभादेवी' हे दर फेरीला कानावर पडतं. रस्त्याचं नाव असं कुणी दिवसभर कानात सांगत बसत नाही. कर्नाक पूल पाडून नवा बांधला, २०२५ च्या जुलैत तो 'सिंदूर' या नावाने खुला झाला. तिथल्या मालवाहू टेम्पोवाल्यांची जीभ किती दिवसांत वळते ते बघायचं.

दादरहून संध्याकाळची डेक्कन क्वीन पकडली. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला दख्खनची राणी म्हणा नाहीतर डेक्कन क्वीन, कुणी डोळे वटारत नाही.

रविवार, पुणे

पुण्यात नाव बदलण्याचा प्रश्न पुणेकरांनी आपल्या पद्धतीने सोडवला आहे. बदललेल्या नावाकडे ते लक्षच देत नाहीत.

सकाळी लकडी पुलावर उभी राहिले. पानिपतानंतर पेशव्यांनी गावाबाहेरून पर्वतीकडे जाता यावं म्हणून हा पूल बांधून घेतला, असं सांगतात. लाकूड जाऊन पिढ्या उलटल्या, पाटीवर छत्रपती संभाजी पूल आहे, वरून मेट्रो धावते. तरी लकडी पूल. पुढे शनिवारवाड्याच्या बाजूला गेलं की नवा पूल. हा १९२३ मध्ये वाहतुकीला खुला झाला, तेव्हा त्याला गव्हर्नर लॉइडचं नाव होतं. नंतर तो छत्रपती शिवाजी पूल झाला. शंभरी उलटली तरी पुणेकरांच्या लेखी तो नवाच आहे. लॉइड त्यांनी कधी मनावर घेतलाच नाही, त्यामुळे तो विसरण्याचेही कष्ट पडले नाहीत.

मंडईत तर आणखी मजा. १८८६ मध्ये बांधलेल्या या इमारतीला गव्हर्नर रे याचं नाव होतं. पुढे ती महात्मा फुले मंडई झाली. भाजीवाल्या मावशींच्या दृष्टीने मंडई पुण्यात एकच, तिला पुढे-मागे काही लावायची गरज काय? तिकडे कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्याला जुनी मंडळी अजून मेन स्ट्रीट म्हणतात आणि तरुण पोरं एम. जी. रोड. टिळक चौक विचारला तर समोरच्या आजोबांनी आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग म्हणाले, "बाहेरच्या दिसता. अलका टॉकीज म्हणा, कुणीही सांगेल."

पुण्याची ही खोड फक्त नावांपुरती नाही, जागांनाही लागते. शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीला वाकडेवाडीला हलवला. रिक्षावाला मला विचारतो, "शिवाजीनगर स्टँड म्हणजे वाकडेवाडीचा ना?" हो, तोच. जागा बदलली, नाव सोबत उचलून नेलं.

सोमवार, नगर

वाकडेवाडीच्या त्या शिवाजीनगर स्टँडवरून सकाळची गाडी. गाडीच्या पाटीवर 'अहिल्यानगर'. खाली उभा वाहक ओरडतोय, "नगर, नगर, नगर! चला, नगर!"

या प्रवासातलं सगळ्यात गुळगुळीत नामांतर हेच. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण अहमदनगर हे नाव बोलण्यात होतंच कुठे? पुणे-नगर रस्ता, नगरी माणूस, नगरकर. अहमद निजामशहाने १४९० मध्ये भिंगारजवळ शहर वसवलं आणि त्याला आपलं नाव दिलं. लोकांनी त्यातलं 'अहमद' कागदावर ठेवलं आणि 'नगर' तोंडात. आता कागदावर अहिल्यादेवी आल्या, ज्यांचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा. तोंडात मात्र काहीच बदललेलं नाही. शेजारच्या सीटवरच्या माणसाने तिकीट काढताना नेमकं काय म्हटलं ते मी टिपलं : "एक नगर द्या." वाहकाने यंत्रातून कागद काढून दिला, त्यावर जे छापलं होतं ते दोघांपैकी कुणी पाहिलंही नाही.

आणि ज्या भिंगारच्या शेजारी शहर उभं राहिलं, ते भिंगार आजही छावणी म्हणून आपल्या नावासकट जिवंत आहे.

दुपारी चांदबीबीच्या महालावर गेले. डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत. उन्हातही वारा भरपूर. खरं तर ही निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. पण चांदबीबी ही नगरची लाडकी राणी, मोगलांशी झुंजलेली. त्यामुळे लोकांनी मंत्र्याची कबर परस्पर राणीच्या नावावर करून टाकली. इथे सरकारने काही बदललं नव्हतं, बदल लोकांनीच केला आणि तोच टिकला. खाली उतरताना एक शाळकरी पोरगा आपल्या भावाला ठामपणे सांगत होता की राणी इथूनच तोफा डागायची. मी काही बोलले नाही.

संध्याकाळी पुढची गाडी धरून रात्री छत्रपती संभाजीनगर.

मंगळवार, छत्रपती संभाजीनगर

इथे हवा वेगळी आहे. नगरमध्ये जे नकळत होतं, ते इथे माणूस जाणूनबुजून करतो. संभाजीनगर म्हणायचं की औरंगाबाद, हे इथला माणूस समोर कोण आहे ते पाहून ठरवतो. सकाळच्या रिक्षात चालकाला दोन फोन आले. पहिल्याला त्याने सांगितलं, "संभाजीनगरातच हाये." दुसऱ्याला, "औरंगाबादमधीच हूं भाई, आता हूं." मला त्याने शहराचं नाव न घेताच विचारलं, "ताई, गावात कुठं जायचंय?" शहाणा माणूस.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा हे खडकी होतं. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ मध्ये त्याचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला आणि औरंगाबाद झालं. संभाजीनगर हे नाव बाळासाहेब ठाकरे यांनी १९८८ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून शहरातला एक मोठा वर्ग ते वापरत होताच. सरकारी शिक्का २०२३ मध्ये बसला. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या. गंमत म्हणजे या न्यायालयाचं स्वतःचं इंग्रजी नाव अजूनही बॉम्बे हायकोर्ट आहे. रेल्वे स्थानकाची पाटी २०२५ च्या ऑक्टोबरात बदलली. म्हणजे १९८८ पासून पस्तीस वर्षं एकाच शहरात दोन नावं शेजारी शेजारी राहत होती. ज्याच्या घरात जे चालत होतं ते त्याच्यापुरतं जुनंच होतं. इथे 'लोक अजून जुनं नाव वापरतात' असं म्हणताना कुठल्या लोकांचं जुनं नाव, हा प्रश्न पडतो. पन्नाशीचा एखादा माणूस तरुणपणापासून संभाजीनगरच म्हणत आलाय. दुसऱ्याचं जन्मगाव, शाळेचा दाखला, बायकोच्या माहेरचा पत्ता, सगळं औरंगाबाद. दोघंही सवयीनेच बोलत असतात, पण ऐकणारा त्यात बाजू शोधतो.

पोरांनी यातूनही वाट काढली आहे. कॉलेजच्या टपरीवर ऐकलं : "सीएसएनला कधी येतोयस?" पुन्हा तीच तीन अक्षरं.

दिवसभर फिरले ते मात्र ज्यांच्यावरून कुणाचं भांडण नाही अशा नावांमधून. गुलमंडी, पैठण गेट, दिल्ली गेट, सिडको. आणि माझं सगळ्यात आवडतं, बाबा पेट्रोल पंप. त्या चौकाचं नाव महावीर चौक. "महावीर चौकात सोडता का?" म्हटल्यावर रिक्षावाल्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "बाबा पेट्रोल पंपापाशी म्हणा की!" औरंगजेबापासून आजपर्यंत एवढं इतिहासाचं ओझं वाहणाऱ्या गावात रोजचा खुणेचा दगड म्हणून लोकांनी धरला तो एक पेट्रोल पंप.

संध्याकाळी विद्यापीठाच्या दारापाशी गेले. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं, नामविस्तार म्हणून. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. त्यामुळे मुंबईच्या रस्त्यांबद्दल जे हलकेपणाने लिहिता येतं, ते या दारापाशी उभं राहून लिहिता येत नाही. रोजच्या बोलण्यात सगळेच नुसतं 'विद्यापीठ' म्हणतात. पण १४ जानेवारीला या दाराशी लोटणारी गर्दी पूर्ण नाव घेते.

बुधवार, दौलताबाद आणि खुलताबाद

किल्ल्याच्या पाटीवर दौलताबाद, सहलीला आलेल्या शाळेच्या मास्तरांच्या तोंडी देवगिरी. यादवांची राजधानी देवगिरी, मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि दौलताबाद केलं. जुनं नाव इथे गाजावाजा न होता परत आलं आहे. देवगिरी एक्सप्रेस आहे, देवगिरी कॉलेज आहे. कुणी गॅझेट काढलं नाही.

पुढे खुलताबाद. औरंगजेबाची साधी, उघडी कबर इथे आहे आणि मलिक अंबरचा मकबराही इथेच. ज्याने शहर वसवून खडकी म्हटलं तो आणि ज्याने त्याला आपलं नाव दिलं तो, दोघंही त्या शहरात नाहीत, पंचवीसेक किलोमीटरवरच्या या छोट्या गावात आहेत. आता खुलताबादचंही नाव बदलायची चर्चा आहे. भद्रा मारुतीच्या बाहेर फुलं विकणाऱ्या बाईंना त्याबद्दल काही विचारलं नाही. नियम तो नियम.

गुरुवार, रस्त्यात

बीडमार्गे दिवसभराचा प्रवास. रस्त्याचा क्रमांकसुद्धा बदललेला आहे, हे एका ट्रकवाल्याच्या बोलण्यातून कळलं. तो चहा पिताना 'दोनशे अकरा' म्हणत होता. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये नव्याने दिले, तेव्हा सोलापूर-धुळे २११ चा ५२ झाला. क्रमांकाला ना जात ना धर्म ना इतिहास, तरी जुना सुटत नाही. तेव्हा सगळी जुनी नावं माणूस अभिमानापोटीच धरून ठेवतो, ही समजूत त्या टपरीवरच ठेवून दिली.

बीडला एक आजी उतरल्या, अंबाजोगाईची गाडी धरायला. निजामाच्या काळात त्यांच्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. आज ते शोधायला जुनी कागदपत्रंच उघडावी लागतील.

शुक्रवार, धाराशिव

शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान. त्याच्या नावाने धाराशिवचं उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा सरकारदरबारी धाराशिव झालं. पण आसपासच्या खेड्यांतल्या जुन्या माणसांनी धाराशिव कधी सोडलंच नव्हतं. स्टँडबाहेरच्या हॉटेलात शेजारी बसलेल्या आजोबांनी न विचारताच सांगितलं, "आमचा बा बाजाराला निघाला की म्हणायचा, धाराशिवला चाललोय. उस्मानाबाद आम्ही शाळंत गेल्यावर शिकलो." तिथेच गल्ल्यावर बसलेल्या मुस्लिम चाचांचं बोलणंही ऐकलं. पुरवठादाराला फोनवर पत्ता सांगताना 'धाराशिव', आणि हैदराबादच्या नातेवाइकाशी बोलताना 'उस्मानाबाद'. आवाज दोन्ही वेळा सारखाच, चढा.

अडचण होते ती बाहेरच्यांची. सोलापूरहून माल घेऊन आलेला टेम्पोवाला अजून उस्मानाबादच म्हणतो, कारण त्याच्या डोक्यात गावाची पाटी तीच छापलेली आहे. म्हणजे मुंबईच्या अगदी उलट. तिथे घरचे जुनं नाव सोडत नाहीत, इथे बाहेरचे.

गावाबाहेर डोंगरात धाराशिव लेणी आहेत. मधल्या काळात लेण्यांचं नाव कुणी बदललं नव्हतं. त्यामुळे गाव उस्मानाबाद असतानाही लेणी धाराशिवचीच होती, अभ्यासकांच्या लिखाणातही. वर जाताना वाटेत एक मेंढपाळ भेटला. सोबत दहा-बारा शेळ्या, काळ्याभोर, लांब कानांच्या.

"कुठल्या जातीच्या हो दादा?"

"उस्मानाबादी."

"आणि तुमचं गाव?"

"हितलंच की. धाराशिव."

नियम मोडून मी विचारलंच, की गावाचं नाव बदललं, मग शेळीचं बदलणार नाही का. तो शेळ्यांना हाकत चार पावलं पुढे गेला आणि वळून म्हणाला, "बदलून कसं चालंल ताई? कर्नाटकातलं गिऱ्हाईक येतंय, ते त्याच नावानं मागतंय. धाराशिवी म्हटलं तर म्हणंल, ही कुठली नवी जात काढली, आन् भाव पाडून मागंल."

दुपारची तुळजापूरची गाडी मिळायची होती, म्हणून लेणी घाईतच पाहिली.